वेबसाइट कशावर बांधली की गूगलवर दिसते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साइट बांधायच्या आधी लोक विचारतात, "कशावर बांधू म्हणजे गूगलवर वर येईल?" बांधून सहा महिने झाले की तेच लोक विचारतात, "यावर बांधली म्हणूनच खाली आहे का?" माझा दिवस साइट्स बांधण्यापेक्षा बिघडलेल्या साइट्स तपासण्यात जास्त जातो, त्यामुळे हे दोन प्रश्न आणि त्यांची पिल्लावळ रोज कानावर येते. उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतो.

गूगल एखाद्या प्लॅटफॉर्मला (साइट बांधायच्या साधनाला) झुकतं माप देतं का?

नाही. गूगलबॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, तुमच्या सर्व्हरकडे पान मागतो आणि त्याला एचटीएमएल, म्हणजे पानाचा मूळ कोड, मिळतं. ते वर्डप्रेसने तयार केलं, वेबफ्लोने केलं, की कुणी रात्रभर बसून हाताने टाइप केलं, याचे गुण मिळत नाहीत. ब्लॉगर २००३ पासून गूगलच्याच मालकीचं आहे, पण घरचं म्हणून त्याचाही वशिला लागत नाही.

"पण पहिल्या पानावर बघावं तर सगळीकडे वर्डप्रेसच असतं" हा यावरचा ठरलेला प्रतिप्रश्न. जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साइट्स वर्डप्रेसवर चालतात, त्यामुळे पहिल्या पानावर त्या जास्त दिसणारच. दहाव्या पानावर जाऊन पाहा, तिथेही त्यांचीच गर्दी आहे.

म्हणजे काहीही घेतलं तरी चालेल?

तसंही नाही. प्लॅटफॉर्म तुम्हाला वर चढवत नाही, पण पायात पाय घालू शकतो. पानाचं शीर्षक हवं ते देता येतं का, यूआरएल (पानाचा पत्ता) बदलता येतो का, जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट (कायमचं वळण) लावता येतो का, मोबाइलवर पान किती वेळात उघडतं, यातलं बरंच काही प्लॅटफॉर्मने तुमच्या आधीच ठरवून टाकलेलं असतं.

माझ्या मते खरी मेख डीफॉल्टमध्ये आहे. जाहिरातीत सांगतात ते काय काय करता येतं ते. मी विचारतो, साइटच्या मालकाने कशालाच हात लावला नाही तर हा प्लॅटफॉर्म आपल्या मनाने काय करतो? कारण बहुतेक मालक कशालाच हात लावत नाहीत. पुढच्या उत्तरांत हेच निरनिराळ्या रूपांत येईल.

माझ्या साइटचा मजकूर गूगलला दिसतो की नाही, हे कसं कळेल?

संगणकावर पान उघडा, राइट क्लिक करून 'व्ह्यू पेज सोर्स' घ्या आणि तुमच्या लेखातलं एखादं वाक्य त्यात शोधा. सापडलं तर उत्तम. नाही सापडलं, सगळीकडे नुसत्या जावास्क्रिप्ट फाइल्सची नावं आणि मध्ये एक रिकामा डिव्ह (मजकुराचा डबा) दिसला, तर तुमचं पान ब्राउझरमध्ये गेल्यावर 'शिजतं'. सर्व्हरकडून निघतं तेव्हा ते कोरडं असतं.

गूगल अशी पानंही वाचतं. त्याचं काम तीन टप्प्यांत चालतं: आधी पान आणायचं, मग ते क्रोममध्ये उघडतं तसं रेंडर करायचं, मग इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या यादीत, घालायचं. मे २०१९ पासून गूगलबॉट क्रोमची ताजी आवृत्ती वापरतो, त्यामुळे आधुनिक जावास्क्रिप्टला अडखळण्याचे दिवस गेले. पण मधल्या टप्प्यासाठी रांग असते, एखादी फाइल वेळेत आली नाही तर पान अर्धवट राहू शकतं, आणि जावास्क्रिप्ट चालवण्याची तसदी प्रत्येक क्रॉलर (गूगलबॉटसारखा पानं वाचणारा प्रोग्राम) घेतोच असं नाही. एआयला नुसतं सांगून साइट बांधून देणारी बरीच साधनं अशीच ब्राउझरमध्ये शिजणारी साइट हातात देतात. दिसायला ती देखणी असते. सोर्स उघडला की डिव्ह रिकामा.

अशा साइट्सचा आणखी एक ठरलेला दोष म्हणजे अस्तित्वात नसलेल्या पत्त्यालाही सर्व्हर '२००, सगळं ठीक' असं उत्तर देतो. पडद्यावर 'पान सापडलं नाही' लिहिलेलं असतं आणि आत हजेरी लागलेली असते. गूगल याला सॉफ्ट ४०४ म्हणतं (४०४ म्हणजे 'पान नाही'). गूगलने तुमचं पान नेमकं कसं पाहिलं हे बघायचं असेल तर सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) यूआरएल इन्स्पेक्शन करा. टेस्ट केलेल्या पानाचं एचटीएमएल तिथे अख्खं दिसतं.

विक्स एसईओसाठी (गूगलवर वर येण्यासाठी) वाईट, हे खरं का?

एके काळी खरं होतं. विक्स २००६ साली सुरू झालं तेव्हा त्याच्या साइट्स फ्लॅश या जुन्या तंत्रात बनायच्या, आणि फ्लॅशमधला मजकूर वाचणं सर्च इंजिनांना जड जायचं. २०१२ मध्ये ते एचटीएमएल५ वर आलं, पण पत्त्यांमध्ये हॅश आणि उद्गारचिन्हाची जोडगोळी राहिली. तसे पत्ते क्रॉल करण्याची जी खास पद्धत गूगलने सुचवली होती, ती ऑक्टोबर २०१५ मध्ये स्वतः गूगलनेच मोडीत काढली. त्या काळात ज्यांचे हात पोळले त्यांनी लेख लिहिले, आणि तेच लेख वाचून आजही सल्ले दिले जातात.

आज विक्सवर शीर्षकं, डिस्क्रिप्शन, कॅनॉनिकल (मूळ पत्ता कोणता ते सांगणारा टॅग), रीडायरेक्ट, रोबोट्स फाइल (क्रॉलरने काय वाचू नये ते सांगणारी) हे सगळं बदलता येतं, साइटमॅप (पानांची यादी) आपोआप बनतो, आणि मजकूर सर्व्हरकडूनच तयार होऊन येतो. पाच-दहा पानांच्या साइटला विक्समुळे रँकिंग मिळालं नाही असं मला गेल्या काही वर्षांत एकदाही आढळलेलं नाही. कारण दर वेळी दुसरंच निघालं. पानावर ओळी तीन आणि फोटो चौदा, असलं काही.

माझी तक्रार वेगळी आहे. विक्सची साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. जायचं तर पाहुण्यासारखं रिकाम्या हाती, आणि पलीकडे सगळं नव्याने मांडायचं.

वर्डप्रेस घेतलं म्हणजे एसईओ झालंच ना?

या समजुतीवर माझं घर चालतं असं म्हटलं तरी चालेल.

वर्डप्रेस २००३ पासून आहे आणि त्यात जवळपास काहीही करता येतं. 'काहीही'मध्ये वाटोळंही आलं. सेटिंग्जमधल्या रीडिंग या पानावर सगळ्यात खाली एक चौकोन आहे: सर्च इंजिनांना ही साइट इंडेक्स करण्यापासून परावृत्त करा. साइट तयार होत असताना त्यावर टिक करतात, कारण अर्धवट काम जगाला दिसू नये. टिक असली की प्रत्येक पानाच्या डोक्यात नोइंडेक्सचा, म्हणजे 'यादीत घेऊ नका' असा, टॅग जातो. साइट सुरू करताना ती टिक काढायची असते.

एकदा मी काढली नाही. नवं डिझाइन वर चढवलं, मोबाइलवर पाहिलं, फॉर्म तपासले, सगळ्यांनी छान छान म्हटलं. जुनी पानं गूगलमधून लगेच गेली नाहीत, एकेक करून गळत राहिली, म्हणून सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मालकांचा फोन आला, "आपलं नाव टाकलं तरी आपली साइट येत नाही हो." मी सर्व्हर पाहिला, गूगलचा दंड बसलाय का पाहिलं, प्लगइन (वरून जोडलेली साधनं) एकेक करून बंद केले. दोन तासांनी सोर्समध्ये ती एक ओळ दिसली. टिक काढायला एक सेकंद लागला, पानं परत यायला महिना.

बाकीचे डीफॉल्ट इतके घातक नाहीत, पण कचरा साठवतात. तुम्ही लेखाला बारा टॅग (विषयाच्या चिठ्ठ्या) दिलेत की वर्डप्रेस त्या बारा टॅगांची बारा पानं बनवतं. प्रत्येकावर तोच एक लेख. लेखक एकटाच असला तरी त्याचं वेगळं पान, महिन्यांची वेगळी पानं. पूर्वी तर चढवलेल्या प्रत्येक फोटोचंही स्वतंत्र पान बनायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ६.४ आवृत्तीपासून नव्या साइट्सवर ते बंद झालं, पण जुन्या साइट्सवर चालूच राहिलं. शंभर लेखांच्या साइटची नऊशे पानं इंडेक्समध्ये दिसली तर आधी इथे बघा.

वर्डप्रेसच्या योस्ट किंवा रँक मॅथ या एसईओ प्लगइनचा दिवा हिरवा झाला की पुरे का?

तो दिवा गूगलचा नाही, प्लगइनचा आहे. ठरवलेला शब्द शीर्षकात आला का, पहिल्या परिच्छेदात आला का, असलं तो मोजतो. मराठीत शब्दाला प्रत्यय लागतो. 'प्लॅटफॉर्म'चं 'प्लॅटफॉर्मवर' झालं की साध्या जुळणीला तो दुसराच शब्द वाटू शकतो, आणि मग दिव्यासाठी लोक वाक्यं वाकडी करतात. प्लगइन ठेवा, शीर्षकं आणि साइटमॅप सांभाळायला तो चांगला आहे. दिव्याकडे पाहू नका. आणि त्यात मेटा कीवर्ड्सचा (शोधशब्द लिहायचा) रकाना दिसला तर तो रिकामा सोडा. गूगल तो विचारात घेत नाही हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलंय.

पत्त्यात देवनागरी शब्द चालतात का?

गूगलला चालतात. अडचण प्लॅटफॉर्मची होते, आणि या बाबतीत मराठीत लिहिणाऱ्यांकडे फारसं कुणी पाहत नाही.

वर्डप्रेसचं उदाहरण घ्या. लेखाच्या पत्त्याचा तुकडा, ज्याला स्लग म्हणतात, तो २०० अक्षरांत बसवावा लागतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह साठवताना तीन बाइट्सचं होतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसकट तीन अक्षरं खातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण, सगळी चिन्हं वेगवेगळी मोजली जातात. हिशेब केला तर जेमतेम बावीस चिन्हं बसतात. तुम्ही लेखाला 'वेबसाइटसाठी योग्य प्लॅटफॉर्म कसा निवडावा' असं नाव दिलंत तर पत्ता होतो 'वेबसाइटसाठी-योग्य-प्लॅटफ'. पुढचं सगळं कापलं जातं. त्यातून तीच सुरुवात असलेला दुसरा लेख लिहिलात तर त्याच्या शेपटीला '२' चिकटतो.

ब्लॉगरची तऱ्हा याहून वेगळी. शीर्षक संपूर्ण देवनागरीत असेल तर तो अक्षरं टाकूनच देतो आणि पत्त्यात 'ब्लॉग-पोस्ट' एवढंच लिहितो. पुढच्या लेखांना त्यालाच आकडे जोडतो. दोनशे मराठी लेख आणि दोनशे 'ब्लॉग-पोस्ट'. यामुळे रँकिंग कोसळतं असं नाही, पत्त्यातल्या शब्दांचं वजन गूगलकडे तसं किरकोळच. पण कुणाला दुवा पाठवला तर तो कशाचा आहे हे कळत नाही, आणि सर्च कन्सोलमधला अहवाल वाचताना डोकं फिरतं. म्हणून लेख प्रकाशित करण्याआधी स्लग हाताने लिहा. दोन-तीन देवनागरी शब्द किंवा रोमन लिपीत छोटं नाव, दोन्ही चालेल. प्रकाशित झाल्यावर मात्र त्याला हात लावू नका.

शॉपिफायवर दुकान आहे. एकच वस्तू दोन पत्त्यांवर दिसते, हे कसं?

वस्तूचा मूळ पत्ता 'प्रॉडक्ट्स'खाली असतो, पण अनेक थीम्स (तयार डिझाइन) कलेक्शनच्या, म्हणजे वस्तूंच्या गटाच्या, पानावरून जाणारा दुवा 'कलेक्शन्स' आणि 'प्रॉडक्ट्स' दोन्ही घालून बनवतात. कॅनॉनिकल टॅग मूळ पत्त्याकडेच बोट दाखवतो, त्यामुळे बहुतेक वेळा निभावतं. तरी साइटच्या आतले दुवे मूळ पत्त्याकडे वळवणं चांगलं, थीममध्ये एका ओळीचं काम असतं. 'प्रॉडक्ट्स' हा शब्द मात्र पत्त्यातून काढता येत नाही, त्यामागे लागू नका. जून २०२१ पासून रोबोट्स फाइल बदलता येते. नक्की काय अडवायचं हे माहीत असल्याशिवाय तिच्या वाटेलाही जाऊ नका.

वेगाचं किती मनावर घ्यायचं?

लोक घेतात त्यापेक्षा थोडं कमी, आणि डिझायनर घेतात त्यापेक्षा बरंच जास्त.

गूगलचे मापदंड तीन: पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा, आणि पान उघडताना मजकूर उड्या मारत असेल तर त्याचा आकडा ०.१ च्या आत असावा. यातला दुसरा मार्च २०२४ मध्ये बदललेला आहे, त्यामुळे जुन्या लेखांत वेगळा सापडेल. मोजमाप क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांच्या २८ दिवसांच्या भेटींवरून होतं आणि त्यातल्या ७५ टक्के भेटी मर्यादेत बसाव्या लागतात. तुमच्या लॅपटॉपवर चाचणीत १०० पैकी १०० आले, तरी वाचक साध्या फोनवर असेल तर त्या शंभराला अर्थ नाही. उलट चाचणीत ६५ येऊनही खऱ्या वाचकांचे आकडे हिरवे असू शकतात. मग पुढचं काम करा.

विक्स, स्क्वेअरस्पेस, शॉपिफायवर सर्व्हर त्यांचा असतो, तो साधारण ठीकच चालतो. तुमच्या हातात फोटो, फाँट आणि वरून जोडलेली ॲप्स. वर्डप्रेसवर सगळंच तुमच्या गळ्यात: स्वस्तातलं होस्टिंग घेतलं तर पहिला बाइट यायलाच दीड सेकंद जातो, आणि पेज बिल्डरने (पान मांडायच्या प्लगइनने) एका परिच्छेदाभोवती आठ डिव्ह गुंडाळलेले असतात. देवनागरी फाँट जोडाक्षरांमुळे रोमनपेक्षा जड असतो. त्याची चार वजनं (अक्षरांच्या जाड्या) चढवलीत तर आधी फोनचा फाँट दिसतो, मग तुमचा येतो, आणि ओळी खालीवर होतात. दोन वजनं पुरतात. शीर्षकांपुरता खास फाँट ठेवून मजकूर फोनच्याच फाँटात सोडला तरी कुणाचं अडत नाही.

बांधणीच्या साधनांत 'मोबाइलवर हे लपवा' अशी सोय असते, ती जपून वापरा. गूगल आता साइटची मोबाइल आवृत्तीच वाचतं. हा बदल २०१६ मध्ये जाहीर झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पूर्ण झाल्याचं गूगलने सांगितलं. मोबाइलच्या पानातून जे काढून टाकलंत, ते गूगलच्या लेखी नाहीच.

एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) हवंच का?

हवंच. ऑगस्ट २०१४ पासून तो रँकिंगमधला एक छोटा संकेत आहे. आज बहुतेक सगळे प्लॅटफॉर्म ते फुकट देतात, त्यामुळे यावर वेगळे पैसे मागणाऱ्याला का ते विचारा.

प्लॅटफॉर्म बदलला तर रँकिंग जातं का?

प्लॅटफॉर्म बदलल्याने जात नाही. पत्ते बदलल्याने जातं, आणि प्लॅटफॉर्म बदलला की पत्ते बहुधा बदलतातच.

हलवायच्या आधी जुन्या साइटच्या सगळ्या पत्त्यांची यादी काढा. साइटमॅपमधून काढा, सर्च कन्सोलमधून काढा, सर्व्हरच्या लॉगमधून मिळाली तर त्यातूनही. प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता लिहा. कंटाळवाणं काम आहे, एखादा आख्खा दिवस जातो, आणि म्हणूनच ते टाळून सगळे जुने पत्ते होमपेजकडे वळवण्याचा मोह होतो. होमपेज हे त्या लेखाचं उत्तर नसतं, त्यामुळे गूगल असे रीडायरेक्ट बऱ्याचदा सॉफ्ट ४०४ मध्ये जमा करतं. मग तो लेख आणि त्याला मिळालेले दुवे दोन्ही पाण्यात. नीट लावलेले ३०१ किमान एक वर्ष ठेवा असं गूगल सांगतं. मी तर ते काढतच नाही, ठेवायला खर्च काय?

सगळ्यात चांगला रीडायरेक्ट म्हणजे जो लावावाच लागत नाही. स्वतःच्या डोमेनवरचा ब्लॉगर सोडून वर्डप्रेसवर येत असाल तर वर्डप्रेसच्या पर्मालिंकमध्ये (पत्त्याच्या साच्यात) वर्ष, महिना, नाव आणि शेवटी एचटीएमएल अशी रचना देता येते. जुना पत्ता जसाच्या तसा राहतो. हे दिसायला जुनाट वाटतं म्हणून डिझायनर नाक मुरडतात. मुरडू द्या.

आणि एकाच दिवशी प्लॅटफॉर्म, डोमेन, डिझाइन आणि मजकूर चारही बदलू नका. वाचक घटले तर कशामुळे घटले हे नंतर ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. नव्या साइटच्या कॅनॉनिकल टॅगमध्ये चाचणीच्या डोमेनचा पत्ता तर राहिला नाही ना, हेही पाहा. दर चार-पाच स्थलांतरांत एकदा तरी तो राहिलेला सापडतो.

फुकटच्या सबडोमेनवर (दुसऱ्याच्या डोमेनखालच्या पत्त्यावर) सुरुवात केली तर?

सरावासाठी करा. टिकवायचं असेल तर पहिल्या दिवसापासून स्वतःचं डोमेन घ्या, बाकी सगळं फुकटचं असलं तरी चालेल. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून (व्यवसायाच्या नोंदीतून) बनवलेल्या छोट्या साइट्स मार्च २०२४ मध्ये गूगलने बंद केल्या. काही आठवडे त्यांचे पत्ते प्रोफाइलकडे वळवले, १० जूननंतर तेही थांबलं. ज्यांनी त्यावर स्वतःचं डोमेन लावलं होतं, त्यांना नवी साइट बांधून तेच डोमेन तिकडे वळवता आलं. डोमेनची नोंदणी मात्र साइट बांधणाऱ्याच्या नावावर नको, तुमच्या नावावर हवी.

प्रश्नोत्तरांचं पान बनवलं तर गूगलवर खाली उघडणारे प्रश्न दिसतात ना?

पूर्वी दिसायचे. ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलने ती सोय सरकारी आणि आरोग्याच्या नामांकित साइट्सपुरती आवळली. तरीही 'एफएक्यू स्कीमा (ही प्रश्नोत्तरं आहेत असं गूगलला सांगणारा कोड) जोडा' असं सांगून प्लगइन विकणारे आहेत. या पानाला मी तो जोडलेला नाही.

तुम्ही स्वतः काय वापरता?

वर्डप्रेस. सवयीने, दुसरं कारण नाही. साधी थीम, चार प्लगइन, टॅगांची पानं बंद, स्लग हाताने लिहिलेले. आणि हे उत्तर लिहिता लिहिता रीडिंगच्या पानावर जाऊन तो चौकोन रिकामा आहे ना, ते पुन्हा एकदा पाहून आलो.